मेश्रामबाबूंचे शिंपले

मेश्रामबाबू लिहायला बसले की दर तीन-चार शब्दांनी मान वर करायचे. समोर कुणी असो वा नसो. टाक थांबायचा, नजर दारातून अंगणापर्यंत, अंगणातल्या काळ्या ढिगांपर्यंत जाऊन यायची, आणि मग पुढचे तीन शब्द. दुसरा माणूस पाच मिनिटांत लिहील अशा चिठ्ठीला त्यांना पाव तास लागे. लॅबमधली माणसं त्यांच्या माघारी त्यांना ‘कोंबडी’ म्हणत, कारण दाणे टिपताना कोंबडी तशीच मान वर करते. मीही त्या हसण्यात सामील होतो. ही कबुली आधीच दिलेली बरी.

नागपूरहून बी.एस्सी. होऊन मी बालाघाटला मँगनीज कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागलो तेव्हा सदुसष्ट साल होतं. उकव्याच्या खाणीतून मँगनीजचे ट्रक यायचे, माल अंगणात उतरायचा, त्यात किती टक्के मँगनीज आहे ते आम्ही सांगायचो. मी बाटल्या आणि काचेच्या नळ्या सांभाळायचो. पण माझ्या हाती येणारी चिमूटभर पूड अख्ख्या ट्रकची साक्ष देणारी असावी, हे बघायचं काम मेश्रामबाबूंचं. ते नमुना घेणारे. पन्नाशीला आलेले, काटकुळे, पायजमा घोट्याच्या वर, बोटांच्या रेषांत मँगनीजचा काळा रंग कायमचा बसलेला. मूळचे जवळच्याच लामत्याकडचे. मॅट्रिक होऊन तरुणपणीच कंपनीत लागले आणि कंपनीने त्यांना विशाखापट्टणमच्या बंदरावर धाडलं. आपल्याकडचा माल तिथून जहाजात चढायचा, तेव्हा जहाजाशी उभं राहून नमुने घ्यायला. बरीच वर्षं तिथे काढून, ज्या वर्षी नागपूर मध्य प्रदेशापासून वेगळं झालं त्या छप्पन साली ते बदली मागून परत आले. त्याच वर्षी नवराबायकोंनी बौद्ध धर्माची दीक्षाही घेतली. एवढंच सगळ्यांना माहीत होतं. बंदराविषयी, समुद्राविषयी त्यांच्या तोंडून कुणी चकार शब्द ऐकला नव्हता.

कामात मात्र ते कुणाला ऐकत नसत. एकदा ठेकेदाराचा मुनीम ढिगाच्या एका बाजूला उभा राहून म्हणाला, “बाबूजी, इधर से ले लो ना. इधर का माल अच्छा है.”

“अच्छा दिखाने के लिए नहीं लेते नमूना,” मेश्रामबाबू म्हणाले. “कैसा है, वो जानने के लिए लेते.”

आणि त्या उन्हात त्यांनी ढिगाला चहूबाजूंनी, वरून, तळातून, तीसेक ठिकाणी फावडं लावलं. सगळं एकत्र कालवलं, त्याचे चार वाटे केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, उरलेले पुन्हा कालवले, पुन्हा चार वाटे. असं करत करत ट्रकाचा माल पिशवीत आला. मग पिशवीला चिठ्ठी. कुठला माल, कुठल्या बाजूचा, तारीख, वेळ, घेणाऱ्याचं नाव. वेळ लिहिणारा मी पाहिलेला हा एकच माणूस. मी एकदा म्हटलं, “बाबू, तारीख पुरे की. मिनिटं कशाला?”

“भाऊ, चिठ्ठी नसली तं तो निस्ता दगड हाय,” ते म्हणाले. “आन् चिठ्ठी लिवाची तं पुरी लिवाची.”

एवढ्या शांत माणसाला मी एकदाच भेदरलेलं पाहिलं. अंगणात गोण्या झाडायला फुलवंता नावाची एक बाई होती. एके सकाळी गोण्यांमागून मुंगूस निघालं, मागे त्याची तीन पिल्लं. फुलवंता हरखून ओरडली, “बाबू, पाहा ना!”

मेश्रामबाबूंच्या हातात सकाळपासून चाळलेल्या पुडीचं ताट होतं. ते खाली पडलं. ताटाकडे न बघता ते अंगणात धावले, फाटकापर्यंत गेले, तिथून रस्त्यावर, दोन्ही बाजूंना बघत. “कुठं? कुठं हाय?” फुलवंता हसत होती, मग तिचं हसू थांबलं. तिने गोण्यांकडे बोट केलं. मेश्रामबाबूंनी मुंगसाकडे पाहिलं, पण त्यांना ते दिसलं असं मला वाटत नाही. परत येऊन त्यांनी सांडलेली पूड झाडली, फेकली, आणि सगळं काम पहिल्यापासून केलं. संध्याकाळी जाताना फुलवंताला हलक्या आवाजात म्हणाले, “मले तशी हाक नोको मारत जाऊ, बाई. नाव घेऊन बलाव.”

त्यांचं घर गावाच्या कडेला होतं. दोन खोल्या, सारवलेलं अंगण, फळीवर बुद्धाची तसबीर. बायको जनाकाकू. मूलबाळ नाही, असं मी समजत होतो. मी एकटा राहत असल्याने रविवारी कधीमधी ते मला जेवायला घेऊन जात. दोघं एकमेकांशी फार कमी बोलत. भांडण नव्हतं. कामापुरतं बोलणं असे, मीठ वाढा, पाणी द्या, एवढं.

बुद्धाच्या तसबिरीशेजारी रुंद तोंडाची काचेची बाटली होती, आमच्या नमुन्यांच्या बाटलीसारखीच, बूच मेणाने बंद केलेलं. आत नखाएवढे शिंपले, जांभळे, दुधी, फिकट गुलाबी. दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी भिंतीकडे वळवलेली. मी सहज बाटली उचलली, चिठ्ठी फिरवली. इंग्रजीत लिहिलेली तारीख आणि विशाखापट्टणमचं नाव दिसलं, तेवढ्यात जनाकाकूंनी ती माझ्या हातातून घेतली, पदराने पुसली आणि जागच्या जागी ठेवली.

“त्याले हात नोको लावू, बापू.”

मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढे जीभ आवरली असती.

पुढच्या वर्षी माझा कॉलेजातला मित्र अरविंद गोंदियाला एका लग्नाला आला आणि एक दिवस माझ्याकडे राहिला. तो मुंबईला एका प्रयोगशाळेत होता. जुन्या लाकडाचं, कोळशाचं, हाडाचं वय काढायचं हे त्यांचं काम. स्टँडसमोरच्या हॉटेलात पोहे खाताना त्याने ते मला समजावलं. जिवंत असेपर्यंत झाडाच्या, प्राण्याच्या शरीरात एक किरणोत्सारी कार्बन येत राहतो. जीव गेला की येणं बंद, आणि असलेला ठरल्या गतीने कमी होत जातो. किती उरला ते मोजलं की जीव कधी गेला ते कळतं.

“मग अडचण काय?” मी विचारलं.

“अडचण समुद्राची. समुद्राच्या तळाचं पाणी शेकडो वर्षं हवेला भेटत नाही. त्यातला कार्बन आधीच जुना झालेला असतो. ते पाणी वर येतं, शिंपल्यातला जीव त्यातूनच आपलं कवच बांधतो. त्यामुळे काल मेलेला शिंपलासुद्धा आमच्या यंत्राला शेकडो वर्षांचा वाटतो. किती शेकडो, ते प्रत्येक किनाऱ्याचं वेगळं. तो फरक कळल्याशिवाय समुद्राकाठी सापडलेल्या कुठल्याही शिंपल्याची तारीख धड लावता येत नाही.”

“आताचे शिंपले घ्या आणि मोजा.”

“आताचे चालत नाहीत. दहा-बारा वर्षांपूर्वी हायड्रोजन बॉम्बच्या मोठ्या चाचण्या सुरू झाल्या तेव्हापासून हवेत नवा कार्बन भरलाय, तो पाण्यातही उतरलाय. मला त्याच्या आधीचे हवेत, जिवंत उचललेले, आणि कुठे, कुठल्या दिवशी उचलले ते नक्की माहीत असलेले. शिंपले पुष्कळांच्या कपाटात असतात रे. चिठ्ठी कुणाकडे नसते.”

“आमच्या मेश्रामबाबूंकडे आहे,” मी म्हणालो. अगदी ऐटीत म्हणालो.

त्याच दुपारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. अरविंदने सगळं पुन्हा सांगितलं. मेश्रामबाबू मान खाली घालून ऐकत होते. मधेच त्यांनी एक प्रश्न विचारला.

“म्हंजे जिता निंगालेला जीव, आन् तुमची मशीन त्याले म्हातारा म्हणन?”

“हो. म्हणूनच खरी तारीख माहीत असलेला हवा.”

“आन् मोजून झाल्यावर शिंपल्याचं काय होते?”

अरविंद चाचरला. “तो ॲसिडमध्ये विरघळवावा लागतो. त्यातून निघालेला वायू मोजतो आम्ही. मूठभर तरी लागतील. परत मिळत नाहीत.”

अरविंदने फळीवरची बाटली बघून “पाहू का?” म्हटलं आणि उत्तराची वाट न बघता चिठ्ठी सरळ केली. त्याला आनंद आवरेना. तो मोठ्याने वाचू लागला, जनाकाकूंना कळावं म्हणून मराठीत. “विशाखापट्टणम, किनाऱ्यावरची ओली वाळू, जिवंत. तारीख, साल, सगळं आहे. अरे, वेळसुद्धा! संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. नमुना घेणारी, कुमारी सुमन मेश्राम.”

जनाकाकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

“हे तिथंच लिवलं का?” त्यांनी विचारलं. प्रश्न अरविंदला नव्हता.

“हौ,” मेश्रामबाबू म्हणाले.

“रेतीवर बसून?”

“हौ.”

“मंग तिचा हात?”

जनाकाकूंनी कपबशा जमिनीवर ठेवल्या आणि त्या आत गेल्या. आम्ही चहा न पिताच उठलो. अरविंद मुंबईला गेला. काहीतरी मोडलं आहे एवढं मला कळलं, पण काय ते कळलं नाही.

त्यानंतर आठवडाभर मेश्रामबाबू जेवणाचा डबा न घेता कामावर येत होते. शनिवारी दुपारी अंगणात फावडं मारता मारता त्यांनीच सांगायला सुरुवात केली. माझ्याकडे बघत नव्हते.

“भाऊ, आमाले पोरगी होती. सुमन. सात वर्साची.

“रविवार होता. हिले ताप होता, म्हणून मी एकटाच पोरीले घेऊन समुद्रावर गेलतो. लाट मांगं गेली का ओल्या रेतीत जिते शिंपले दिसत, पटकन आत घुसत. ते पकडाचा तिले नाद. खिशात नमुन्याची बाटली होती, तिच्यात भरले. तं म्हणे, बाबा, याइची चिठ्ठी लिवा ना. तुमी कंपनीच्या मालाची लिवता ना, तशी. वेळ भी लिवा. माहं नाव भी लिवा.

“मी बसलो लिवाले. पोरगी म्हणे, अजून एक आनतो. गेली. पाच-सात कदमावर होती, भाऊ. तिथून हाक मारली, बाबा, पाहा ना. म्या म्हटलं, थांब, लिवून राह्यलो.”

त्यांनी फावडं ढिगात खुपसलं.

“पुरी लिवली चिठ्ठी. सही केली. मंग मान वर केली.”

पोरगी दुसऱ्या दिवशी कोळ्यांना सापडली. बायकोला त्यांनी सांगितलं की मी तिचा हात धरून पाण्यात उभा होतो, लाट आली आणि हात सुटला. जनाकाकूंनी चौदा वर्षं ते खरं मानलं. वर त्या नवऱ्याला एकदा म्हणाल्याही होत्या, तुमचाच हात होता ना तिच्या हातात, शेवटाले ते एकटी नव्हती, तेवढं बरं झालं.

“तेवढं मी तिच्यापासून काहाडून घेतलं,” मेश्रामबाबू म्हणाले.

तुम्ही नाही, मी काढून घेतलं, असं मला म्हणायचं होतं.

दहाएक दिवसांनी जनाकाकू लॅबच्या फाटकाशी आल्या. मेश्रामबाबू उकव्याला गेले होते, आणि ते ठाऊक असल्यामुळेच त्या आल्या होत्या. त्यांनी धडप्यात बांधलेली बाटली माझ्यापुढे ठेवली.

“धाडून दे तुह्या दोस्ताले.”

“काकू, ते परत येत नाहीत. थोडे ठेवा. मूठभर पुरतात.”

“मले घरात नोको. मी रोज त्याइले पुसत होतो, फळीवर ठेवत होतो. मले का मालूम त्या चिठ्ठीत काय हाय.” त्या जराशा थांबल्या. “हे शिंपले तिथंच होते ना? याइनं तं पाह्यलं असन. माणसानं खोटं सांगतलं. हे तरी खरं सांगतीन.”

मी त्यांना समजवायला हवं होतं की शिंपले तसलं काही सांगत नाहीत. नाही समजावलं. त्यांच्यासमोरच बाटली भुशात घालून खोका खिळवला. दोघी-तिघी बायका अंगणात काम थांबवून बघत होत्या. जनाकाकू पोस्टापर्यंत माझ्यासोबत आल्या आणि खोका खिडकीतून आत जाईपर्यंत थांबल्या.

उकव्याहून परतल्यावर मेश्रामबाबूंना मी ते सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली. त्या पावसाळ्यात मी त्यांच्या घरी गेलो नाही. पण डबा पुन्हा यायला लागला होता, आणि कधी कधी डब्यात भाकरीसोबत काहीच नसे, नुसतं मीठ. ते मुकाट्याने तेच खात.

अरविंदचं पत्र दिवाळीच्या आधी आलं. मेश्रामबाबू ते कामावर वाचायला तयार होईनात. “तिच्यासमोर वाच,” म्हणाले. म्हणून त्यांच्या ओट्यावर, उजेडात बसून मी ते वाचून दाखवलं. शिंपल्यांचं वय यंत्राने साडेचारशेच्या आसपास वर्षं दाखवलं होतं.

जनाकाकू तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. “म्हंजे हे भी खोटंच बोलले.”

“काकू, खोटं नाही. समुद्रात तसं—” मी सांगू लागलो, आणि माझं मलाच धड सांगता येईना.

तेव्हा मेश्रामबाबू बोलले. मी त्या घरात त्यांना इतकं लांब बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

“आयक. वजनाचा काटा खोटा असला, तं आपून काय करतो? ज्याचं वजन मालूम हाय, असा बाट त्याच्यावर ठेवतो. मंग काटा कितीनं खोटा हाय ते समजते, बाकीचं सारं बराबर करता येते. समुद्राचा काटा खोटा हाय. तो कितीनं खोटा हाय, हे आता त्याइले समजलं. काहून समजलं, तं पोरीनं सांगतलं वेळ लिवा म्हणून. तवा म्या मान वर कराले पायजे होती. नाही केली. चूक माही हाय. तिची चिठ्ठी चूक नाही.”

जनाकाकू सुपाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “साडेचारशे वर्स झाले म्हणते का ते मशीन?”

“हौ.”

“मले भी तेवढेच वाटते.”

त्यानंतर त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटतं, चिठ्ठी वाचली त्या दुपारनंतर पहिल्यांदाच. “मले तुमी ते जागा दाखवा. मी ताप घेऊन पडून होतो. मले कोनी नेलंच नाही.”

डिसेंबरात दोघं विशाखापट्टणमला गेली. आठवडाभराने मेश्रामबाबू कामावर आले, फावडं घेतलं, ढिगाशी गेले. मी विचारलं, “बाबू, सापडली जागा?” ते म्हणाले, “तिथं आता काहीच ओळखू येत नाही, भाऊ. मी एक जागा दाखवली. हे दुसऱ्याच जागी जाऊन बसली. दिवसभर बसली. मंग मी भी तिथंच जाऊन बसलो.” लिहिताना मान वर करायची सवय मात्र गेली नाही. कोंबडी म्हणणारे आता नवे होते, आणि मी त्यांना गप्प करायचो.

ते निवृत्त होऊन लामत्याकडच्या आपल्या गावी गेले. माझीही बदली झाली. पंच्याहत्तर साली, थंडीत, त्या बाजूला कामाला गेलो असताना मी वाट वाकडी करून त्यांच्या घरी गेलो. धान कापून झालं होतं, खळ्यांवर मळणी चालली होती. घराला बांबूचं कुंपण होतं. मी फाटकाला हात घालणार, एवढ्यात आतून दोघांचं बोलणं ऐकू आलं. उन्हात बसली होती दोघं, माझ्याकडे पाठ करून. जनाकाकू भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. भांडणच चाललं होतं, पण रोजचं, सवयीचं.

“निळा होता सुमनचा फराक,” मेश्रामबाबू म्हणत होते. “मले चांगला याद हाय.”

“निळा नव्हता. पिवळा होता.”

“निळा.”

“म्या शिवलता. म्याच घालून देल्ला होता त्या दिवशी, अंगात ताप असताना. पिवळा, त्याच्यावर बारीक पांढरे ठिपके.”

मेश्रामबाबूंनी बायकोच्या पुढ्यातल्या चार शेंगा उचलल्या, फोडल्या, दाणे तिच्या सुपात टाकले.

“मंग पिवळाच असन,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “खिसे होते का त्याले?”

“दोन होते,” जनाकाकू म्हणाल्या. “उजवा उसवला होता. मी म्हटलं, आल्यावर शिवून देतो.”

मी फाटकावरचा हात काढून घेतला आणि आल्या वाटेने परत फिरलो.